वासापुरती भट्टी

भट्टी थंड पडली आणि सहा-सात महिन्यांत तांबूसकाकांच्या हातांवर केस उगवले.

बिस्किटाच्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत असतात. त्या झळीपुढे केस टिकत नाहीत, आणि काही वर्षांनी तर उगवायचा नादच सोडतात. काकांचे हात विशीपासून तसेच. लग्नात नवरीच्या मावशीने हळूच विचारलं होतं म्हणे, "मुलगा हाताला काय लावतो हो?" आणि आता पिकल्या वयात हे बारीक, मऊ, पांढरट केस. टपरीच्या बाकड्यावर बसून काका ते उलटसुलट न्याहाळत राहायचे. जणू कुणी आपले हात त्यांच्याकडे सांभाळायला ठेवून गेलंय आणि परत न्यायला येत नाहीये.

"बघ बघ, दादा," छकुली म्हणायची, "दुसरं तारुण्य फुटलंय. मिशीला तेवढा रंग लाव, स्थळं आणते."

"तू आधी चहा आण."

छकुली म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने दणकट, दोन हातांनी दोन पातेली उतरवणारी. पण बापाने लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा गेला तेव्हा तिने रडून झाल्यावर डोळे पुसले आणि कारखान्याच्या गेटासमोर चहाची टपरी टाकली. त्या टपरीवर मुलगा शिकवला. तो लांब गेला, तिकडचाच झाला. टपरी मात्र तिची राहिली.

आणि 'तांबूस' हे काकांचं नाव नव्हे. ते त्यांचं बोलणं. बिस्कीट पिवळं निघालं की कच्चं, काळसर निघालं की वाया; मधे एक क्षण असतो, तेवढाच आपला. भट्टीच्या पलीकडच्या टोकाशी उभे राहून काका ओरडायचे, "तांबूस! तांबूस पाहिजे!" नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा कुणाला तरी हाक मारतोय. होता होता ती हाक त्यांच्यावरच येऊन बसली. साहेबसुद्धा तांबूस म्हणत.

भाऊ-बहिणीत पैशाचा व्यवहार कधी झाला नाही. व्यवहार होता तो घाण्याचा. सकाळी भट्टी पेटली की पहिला घाणा कधीच सरळ निघत नाही. कडेची बिस्किटं वाकडी, मधली फुगलेली. ती पाकिटात जात नाहीत. काका तो पहिला घाणा एका थाळ्यात घेत, थाळा दोन्ही हातांवर पेलत गेटाबाहेर येत आणि छकुलीच्या फळीवर ठेवत. बदल्यात चहा. दिवसभर, हवा तितका. तो थाळा फळीवर आला की रस्त्याला कळायचं, कारखाना चालू आहे. मग पंक्चरवाला अवजारांची टोपली बाहेर काढायचा, भाजीवाली गाडा लावायची, शाळेतली पोरं वाट वाकडी करून तुकडे मागायला यायची. भोंगा कधी वाजला, कधी बिघडला. थाळा चुकला नाही.

मग एक दिवस तो चुकला. वरून निरोप आला, तात्पुरतं बंद. 'तात्पुरतं' हा शब्द मोठा चिवट असतो. आला की मुक्कामच ठोकतो.

एका रविवारी काकांचे जावई सासऱ्याला शोधत टपरीवर आले. जावई कुठल्याशा कार्यालयात नोकरीला. पण जीव सगळा मोबाइलमध्ये, शेअरच्या भावांत. बाकड्यावर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "बाबा, अभिनंदन!"

"कशाचं, जावईबापू?"

"तुमच्या कंपनीचा भाव बघा. गेल्या महिन्यापासून नुसता वर."

काकांनी मोबाइल हातात घेतला. भिंतीवर उंदीर चढावा तशी हिरवी रेघ वर चढत गेली होती. त्यांनी रेघेकडे बघितलं, मग समोरच्या धुराड्याकडे. धुराड्यावर एक कावळा बसला होता, निवांत. भट्टी चालू असती तर बसला नसता.

"कारखाना तर बंद आहे."

"म्हणूनच! खर्च कमी झाला ना. पगार नाहीत, पीठ नाही, साखर नाही."

"बिस्कीटपण नाही."

"बाबा, बाजार आजचं बघत नाही. पुढचं बघतो."

"पुढे काय आहे?"

जावई हसले. शिकलेली माणसं अडाण्याला दुखवायचं नसलं की हसतात तसं. छकुली आतून गाळणी आपटत म्हणाली, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! जावईबापू, त्या रेघेला म्हणावं, एकदा माझ्याकडे चहाला ये. सात महिन्यांत तूच काय ती वर गेलीस."

"आत्याबाई, तुम्हाला नाही कळायचं."

"नाहीच कळत. माझं दूध मात्र उरतं, ते कळतं."

दूध उरत होतं हे खरं. गेट बंद म्हणजे चहा बंद. शेवटी छकुलीने मन घट्ट केलं होतं. पलीकडच्या चौकातला मोबाइलवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा, टपरीची जागा घ्यायला तयार होता. त्याने विसारही दिला होता. त्या पैशात छकुली मोठ्या दवाखान्यासमोर एक कोपरा घेणार होती. दवाखाना काही तात्पुरता बंद पडत नाही. कोपऱ्याच्या मालकाला तिने महिनाअखेरचा शब्द दिला होता.

"जाऊ का रे, दादा?" तिने दहादा विचारलं होतं.

"जा," काका दहादा म्हणाले होते. आणि अकराव्यांदा विचारायच्या आत साहेबांचं बोलावणं आलं.

साहेबांच्या खोलीत पंखा चालू होता, म्हणजे काहीतरी मोठं होतं. खुर्चीत हेड ऑफिसच्या एक मॅडम बसल्या होत्या, तरुण, चटपटीत, मांडीवर एक काळी पाटी, तिच्यावर बोट फिरवत.

"तांबूस, गुरुवारी पाहुणे येताहेत," साहेब म्हणाले. "मोठ्या गुंतवणूकदारांची माणसं. त्यांना कारखाना चालताना दिसला पाहिजे."

"चालू होतोय?" काकांचा आवाज नको तितका वर गेला.

"दिसला पाहिजे, म्हणतोय. भट्टी पेटवायची, पट्टा फिरवायचा. आत काही घालायचं नाही. पुढच्या टोकाला बाजारातून आणलेली आपली पाकिटं पट्ट्यावर सोडायची. माणसं कमी पडली तर भाड्याची येतील, टोप्या घालून. पाहुण्यांना पटलं तर पैसे ओततील. पैसे आले की भट्टी कायमची चालू. आता तुमच्या हातात आहे."

"आणि वास?" काकांनी विचारलं. "रिकाम्या भट्टीला वास कुठून येणार?"

मॅडम खूष झाल्या. "तेच मी म्हणत होते! वास महत्त्वाचा आहे." त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि हवेत फुसकन उडवली.

काकांनी हुंगलं. दोनदा हुंगलं. "मॅडम, हा बिस्किटाचा वास नाही. हा न्हाव्याच्या दुकानाचा आहे."

साहेब खोकले. काका पुढे म्हणाले, "आणि कोरड्या भट्टीत पट्टा फिरवला तर तापून वाकडा होईल, साहेब." हे निम्मं खरं होतं. निम्मं असं होतं की रिकामी भट्टी फिरवायची म्हणजे ताटात काही न वाढता पाहुण्याला जेवायला बसवायचं, आणि ते काकांच्या हातून होणार नव्हतं.

"बरं, थोडंसं घाला मग. वासापुरतं," साहेब म्हणाले. "पण बाहेर एक अक्षर नाही. पाहुण्यांना वाटलं पाहिजे की हे रोजचंच आहे. टपरीवर गेलं की गावभर जातं."

टपरी कुणाची, हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं.

बुधवारी छकुलीने विचारलंच. "साहेबाने बोलावलं होतं म्हणे?"

"ते... फंडाचं. सह्या राहिल्या होत्या."

"काही चालू होण्याचं?"

काकांनी कपात फुंकर घातली. चहा केव्हाच निवला होता. "काही बोलले नाहीत," ते म्हणाले.

गुरुवारी पहाटेच जुनी माणसं मागच्या दाराने आत आली. बोलावलेली तेवढीच नव्हे, न बोलावलेलीही. बाहेर काही न बोलण्याची ताकीद सगळ्यांनाच होती. पॅकिंगच्या मावशी, तोंडाने तिखट, हाताने चलाख, त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "पगार काय देणारेत?"

"वास," काका म्हणाले.

"घरी नेता येतो का डब्यातून?"

भाड्याची माणसं कोपऱ्यात उभी होती. टोप्या नव्या, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. एकाने साच्याच्या रुळावर बोट ठेवून विचारलं, "काका, हे काय असतं?"

"हे? हे तुझं आजचं पोट आहे. बोट काढ."

पीठ काकांनी स्वतः आणलं होतं, साखर आणि लोणीही. गोदामात पोती होती, पण त्यांत किड्यांनी संसार थाटला होता. पीठ मळायच्या यंत्राला पहिल्यांदा आचका बसला, मग ते घरघरू लागलं. भट्टी तापत गेली. काका तोंडाशी उभे राहिले, बाह्या सारून, आणि हातावर ओळखीची झळ आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. झळीने, असं ते म्हणाले असते.

पहिला घाणा निघाला. कडेची वाकडी, मधली फुगलेली. काकांनी एक बिस्कीट मोडलं. टक्. "तांबूस!" ते ओरडले, आणि मागून पाच-सहा जुन्या गळ्यांनी ओरडून साथ दिली. मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच कुणावर तरी खेकसल्या.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. काकांनी काही ठरवलं नव्हतं. बहिणीला फसवावं असंही नव्हतं, आणि खरं सांगावं असंही नव्हतं. थाळा भरला होता. थाळा भरला की पाय गेटाकडे वळतात. इतकी वर्षं वळले होते, तसेच वळले. गेटाबाहेर पडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आपण काय करतोय ते. तोवर वास त्यांच्या पुढे पोचला होता.

रस्ता आधीच जागा झाला होता. पंक्चरवाला टोपली हातात घेऊन उभा. भाजीवाली धुराड्याकडे बघत होती, कावळा उडाला होता. आणि छकुली टपरीच्या फळीवर दोन्ही हात टेकून, तोंड अर्धवट उघडं टाकून, लहान मुलीसारखी.

"दादा," ती म्हणाली. "पेटली?"

काकांनी थाळा फळीवर ठेवला. "पेटली," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मला म्हणाला नाहीस! फंडाच्या सह्या म्हणे! लबाडा!" तिने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला, एक गरम बिस्कीट उचललं, तोंडात टाकलं आणि जीभ भाजत, फूफू करत हसू लागली. "आता म्हणे जा दवाखान्यासमोर. मी बरी जाते!"

आता बोलावं, असं काकांच्या मनात आलं. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "तांबूस, पाहुणे आले!" आणि ते वळले. माणसाला उशीर करायला निमित्त लागतं, आणि ते नेहमी वेळेवर येतं.

पाहुणे सहा-सात होते, सगळ्यांच्या पायांत गुळगुळीत बूट. ते पट्ट्याच्या कडेने चालले, माना हलवत. मॅडम पुढे पुढे, बोलत. एक पोक्त पाहुणे मात्र भट्टीपाशी थांबले, नाक वर करून उभे राहिले आणि एकाएकी दहा वर्षांचे दिसू लागले. "हाच वास," ते म्हणाले. "आमच्या शाळेच्या रस्त्याला यायचा." काकांनी त्यांच्या हातावर गरम बिस्कीट ठेवलं. त्यांनी खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी पाटीवर काहीतरी टिपलं.

तासाभरात सगळे गाड्यांत बसले. साहेब म्हणाले, "आता विझवा."

"आत्ता? सोमवारपर्यंत मंद ठेवतो. पुन्हा तापवायला..."

"विझवा, तांबूस. कळवतो."

दुपारी जावयांचा फोन. "बाबा! काय केलंत काय तुम्ही? भाव कुठल्या कुठे गेला! मी सकाळीच घेऊन ठेवले थोडे. हिने सांगितलं ना, बाबा पहाटेच पीठ घेऊन गेलेत म्हणून!"

काकांना बातमीपेक्षा 'पीठ घेऊन गेलेत' याची लाज वाटली. का ते कळलं नाही.

छकुलीने त्याच संध्याकाळी मोबाइलवाल्याचा विसार परत केला. दवाखान्याच्या कोपऱ्याला नाही म्हणून कळवलं. दुधाचा रतीब वाढवला, नवे कप आणले, पांढरे, निळ्या काठाचे, आणि मावशींच्या भाचीला हाताखाली ठेवून घेतलं. काका रोज सकाळी जाऊन बसत. रोज म्हणत, आज सांगू. आणि रोज त्यांना वाटे, सोमवारी भट्टी खरंच पेटली तर सांगायची गरजच काय? पाहुण्यांना आवडलं होतं. डोळे मिटून खाल्लं होतं. डोळे मिटून खाणारा माणूस कारखाना कसा बंद करेल?

एक सोमवार गेला. दुसरा गेला.

"कधी रे?" छकुली विचारी.

"कळवतो म्हणालेत."

मग कळलं, पण साहेबांकडून नव्हे. साहेब रजेवर होते, म्हणे नवी गाडी बघायला गेले होते. कळलं ते जावयांकडून. ते पेढा तोंडात कोंबावा अशा घाईने टपरीवर आले.

"विकली! बाबा, कंपनी विकली! दुप्पट भावात!"

"कुणी घेतली?" काका उठून उभे राहिले. "कधी चालू करणारेत?"

"चालू?" जावई गोंधळले. "चालू काय करणार? त्यांचे स्वतःचे कारखाने आहेत, लांब. त्यांना नाव हवं होतं. नाव, आणि पाकिटावरचं ते हसऱ्या मुलीचं चित्र. लोकांच्या मनात तो वास आहे ना अजून, त्याची किंमत. इथली जागा मोकळी करून विकतील." मग समजावणीच्या सुरात, "गुरुवारच्या त्या पाहुण्यांनी अहवालात लिहिलं होतं, बाबा. या नावावर लोकांचं प्रेम आहे, म्हणून. तुमच्यामुळे झालं हे!"

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," आतून छकुलीचा आवाज आला. पण आज त्यात हसू नव्हतं. ती बाहेर आली, हात पुसत. "गुरुवारचे पाहुणे म्हणजे? कुठले पाहुणे?"

जावयांनी बायकोकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. निरागसपणे, रंगवून. बाटली, टोप्या, भाड्याची माणसं. त्यांना वाटत होतं, ही सासऱ्याच्या हुशारीची गोष्ट आहे. जावई गेल्यावर छकुली एवढंच म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं, त्यांना आवडलं तर..."

"तुला ठाऊक होतं का, तेवढं सांग."

"हो."

ती आत गेली आणि नवे कप एकात एक घालून रचू लागली. एकही फुटला नाही. फुटला असता तर बरं, असं काकांना वाटलं.

पुढचं थोडक्यात. मोबाइलवाला आता टपरीकडे बघेना. कायमच्या बंद गेटासमोर कव्हरं घ्यायला कोण येणार? दवाखान्यासमोरचा कोपरा एका नारळवाल्याने घेतला होता. कारखान्याभोवती पत्रे उभे राहिले, आणि धुराडं पाडायला माणसं आली. ती माणसं तेवढी चहा पीत, तेवढाच छकुलीचा धंदा. पाडणाऱ्यांचा.

महिन्याने जावयांनी सासऱ्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. "फायद्यातला वाटा, बाबा. तुमचा हक्कच आहे." काकांनी नको नको म्हणत घेतलं आणि घेतलं तसं सरळ टपरी गाठली. फळीवर, जिथे थाळा ठेवायचे तिथेच, ते ठेवलं.

छकुलीने उघडून बघितलं. "हे कशाचे?"

"भाव वाढला त्याचे."

"कुणाचा वाढला?"

काकांनी पाकीट आणखी पुढे सरकवलं.

"तुझा वाढला? माझा?" तिने पाकीट बोटाने परत ढकललं. "या पैशाला वास येतो, दादा. आणि या वेळी मी हुंगणार नाही."

"छकुले, मी जाणूनबुजून..."

"कळतं मला. त्या साहेबाने फसवलं, तर मी त्याला शिव्या दिल्या आणि झोपले. त्या बाजाराने फसवलं, तर तो माझा कोण लागतो? पण थाळा तू आणलास. त्या थाळ्यावर मी आयुष्यभर काही विचारलं नाही. आला की आला."

पत्र्यांपलीकडे काहीतरी कोसळलं, धुळीचा लोट वर आला. तिने चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, मग एका कपात चहा ओतला, निळ्या काठाच्या, आणि त्यांच्यापुढे सरकवला. काकांना बरं वाटलं. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. चहा नेहमीसारखाच होता, आलं थोडं जास्त. निम्मा संपला तेव्हा ती म्हणाली,

"चहाचे पैसे तेवढे ठेव."

काकांनी वर बघितलं. ती थट्टा करत नव्हती. त्यांनी उरलेला चहा सावकाश संपवला, खिशात हात घातला आणि नोट फळीवर ठेवली. तिने ती उचलली, डब्यात टाकली, डबा चाचपला आणि उरलेले सुटे पैसे नीट मोजून त्यांच्या हातावर ठेवले. त्या केसाळ हातावर, कुणाही गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावेत तसे.